वाचक विचारतात: आई-बाबा, पोरं आणि लँगोलेनचा कालवा

मागच्या अंकात वेल्समधल्या लँगोलेन कालव्याबद्दल जरा लिहिलं होतं, की तिथे नॅरोबोट, म्हणजे लांब अरुंद बोट, भाड्याने मिळते, स्वतःच चालवायची, तीतच राहायचं-जेवायचं, लायसन्स लागत नाही, आणि तिथला पॉन्टकसल्टेचा जलसेतू, म्हणजे दरीवरून कालवा नेणारा उंच पूल, टेलफर्ड नावाच्या इंजिनियरने बांधला. एवढंच. पण त्यावर इतके मेल आले की म्हटलं यावेळचं सदर यालाच देऊन टाकू. बरेच प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत, आणि नावं-पत्ते नेहमीप्रमाणे काढलेत.

प्रश्न: ताई, आम्ही बर्मिंगहॅमला असतो. जूनमध्ये कोल्हापूरहून आई-बाबा येतायत, बाबा ७१ आणि आईचे गुडघे दुखतात, शिवाय मुलं ६ आणि ११ वर्षांची. बोट आम्ही कधीच चालवलेली नाही. एक आठवडा घेऊन पूर्ण कालवा करावा असं नवऱ्याचं म्हणणं आहे, मला ते झेपेल असं वाटत नाही. काय करावं?

तुमचंच बरोबर आहे, आणि हे उत्तर नवऱ्याला वाचायला द्या.

पूर्ण कालवा म्हणजे चेशरमधल्या हर्ल्स्टनपासून वर लँगोलेनच्या पुढे हॉर्सशू फॉल्सपर्यंत ४६ मैल, आणि वाटेत २१ लॉक (पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणारे गेटवाले कप्पे). आता ४६ मैल ऐकून आपल्याला वाटतं त्यात काय, गाडीने तासाभरात होतील. पण इथे स्पीड लिमिट ताशी ४ मैल आहे आणि तेवढाही स्पीड प्रत्यक्षात निघत नाही, कारण उभ्या असलेल्या बोटींजवळून जाताना अगदी हळू जावं लागतं नाहीतर त्यांचे दोर ताणतात आणि आतून कोणीतरी डोकं बाहेर काढून आपल्याकडे बघतं. त्यात या कालव्याला चक्क प्रवाह आहे, बाकीच्या कालव्यांसारखं साचलेलं पाणी नाही, त्यामुळे लँगोलेनकडे जाताना बोट अजूनच रेंगाळते. आठवड्यात जाऊन-येऊन होतं लोकांचं, पण मग रोज सकाळी उठून आठ आठ तास चालवायचं, नकाशा बघायचा, घड्याळ बघायचं, आणि आई-बाबा आपले आत बसून. ती ट्रिप नव्हे, ती ड्यूटी.

त्यापेक्षा चर्क गावाजवळून बोट घ्या आणि तीन-चार दिवसांत चर्क ते लँगोलेन आणि परत एवढंच करा. एका बाजूचं अंतर बारा-तेरा किलोमीटर, म्हणजे चार-पाच तास बोट चालवणं. या पट्ट्यात एकही लॉक नाही (वरचे शेवटचे दोन न्यू मार्टनला, ते खाली राहिले), आणि बघण्यासारखं जे काही आहे ते जवळपास सगळं इथेच आहे, पॉन्टकसल्टेचा जलसेतू, बोगदे, डी नदीची दरी, डोंगर. २००९ साली युनेस्कोने यातलाच १८ किलोमीटरचा तुकडा जागतिक वारसा म्हणून घेतला, अख्खा कालवा नाही घेतला, यावरून काय ते समजा. बोट ट्रेव्हरहूनही मिळते पण ट्रेव्हर जलसेतूच्या पलीकडच्या टोकाला आहे, तिथून थेट लँगोलेनला गेलात तर जलसेतू लागतच नाही, मुद्दाम उलटं जाऊन यावं लागतं. चर्कहून निघालं की तो वाटेतच येतो.

बोट दुपारी ताब्यात देतात. तास-दीड तास शिकवतात, थोडं सोबत येतात, मग उतरून जातात आणि पंधरा-सतरा मीटरची लोखंडी बोट तुमच्या हातात. टिलर नावाचा दांडा असतो मागे, तो डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. पहिला अर्धा तास सगळेच झाडीत घुसतात, घाबरू नका, बोटीला काही होत नाही. ब्रेक नसतो, थांबायचं म्हणजे रिव्हर्स टाकायचा, आणि रिव्हर्समध्ये बोट आपलं ऐकत नाही हे धरून चाला. समोरून बोट आली तर उजवीकडे सरकायचं, इंग्लंडात गाडी डावीकडून आणि कालव्यात बोट उजवीकडून, नवऱ्याला हे दोनदा सांगा.

पहिल्या दिवशी उगाच लांब जाऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळी जलसेतू ओलांडायचा, ओलांडल्यावर लगेच डावीकडे काटकोनात वळण आहे ते सावकाश घ्यायचं, आणि मग लँगोलेनकडे. हा शेवटचा तुकडा अरुंद आहे, काही ठिकाणी दोन बोटी शेजारून जाऊच शकत नाहीत, तिथे एकाने पुढे काठाने चालत जाऊन समोरून कोणी येतंय का बघायचं आणि हात करायचा. हे काम ११ वर्षांच्या मुलाला द्या (मोठं कोणीतरी सोबत हवंच), तो दिवसभर खूश. तिसरा दिवस लँगोलेनमध्ये, तिथे वाफेच्या इंजिनाची ट्रेन आहे, बाबांना त्यात बसवा. आणि आईला घोड्याच्या बोटीत. खरंच घोडा ओढतो, १८८४ पासून लोकांना फिरवतायत, हॉर्सशू फॉल्सच्या बाजूला त्या पुढच्या अरुंद तुकड्यात आपली भाड्याची बोट नेता येत नाही. चौथ्या दिवशी परत, येताना प्रवाह आपल्या बाजूने.

गुडघ्यांचं म्हणाल तर चालायचं फार नाहीये पण आत उतरायला दोन-तीन उंच पायऱ्या असतात आणि काठावरून बोटीत पाय टाकावा लागतो. बुकिंग करताना मागचा भाग मोठा मोकळा असलेली बोट मागा, क्रूझर स्टर्न म्हणतात तिला, चार माणसं खुर्च्या टाकून बसू शकतात. काही बोटींना मागे एकाच माणसापुरती जागा असते, त्यात चालवणारा एकटा बाहेर आणि बाकीचं कुटुंब आत मोबाईल बघतंय असं होतं. आणि बेड कोण कुठे झोपणार ते प्लॅन बघून आधी ठरवा, अख्खी बोट बाहेरून ६ फूट १० इंच रुंद, आतून त्याहून कमी. डबल बेड म्हणतात तो चार फुटी असतो. बाबांना रात्री उठायची सवय असेल तर त्यांची जागा टॉयलेटशेजारी.

प्रश्न: मी पुण्याची. मुलगा आणि सून मँचेस्टरला असतात आणि ते मला या उन्हाळ्यात त्या उंच पुलावरून बोटीने नेणार म्हणतायत. व्हिडिओ दाखवला त्यात एका बाजूला कठडाच नाही! शिवाय २०१८ ला आमच्याकडे दांडेकर पुलाजवळ मुठा कालवा फुटला तेव्हाचं पाणी मी डोळ्यांनी बघितलंय. सगळे हसतात मला. भीती वाटणं चूक आहे का?

काकू, अजिबात चूक नाही. व्हिडिओत दिसतं ते खरं आहे. जलसेतू १२६ फूट उंच आहे, म्हणजे साधारण बारा मजली बिल्डिंग, आणि ३०७ मीटर लांब. एका बाजूला पायवाट आणि तिला रेलिंग आहे. दुसऱ्या बाजूला लोखंडी पन्हळीची कड पाण्याच्या वर जेमतेम वीतभर येते आणि त्यापलीकडे काहीच नाही, बोटीतून बघितलं की थेट खाली डी नदी आणि झाडांचे शेंडे दिसतात. चर्ककडून जाताना ही मोकळी बाजू डाव्या हाताला येते.

पण आता दुसरी गोष्ट सांगते. त्या पन्हळीत बोटीची वाट बोटीपेक्षा थोडीशीच रुंद आहे, त्यामुळे बोट वळायला किंवा कलंडायला जागाच नाही, ती आपली आगगाडी रुळावरून जावी तशी सरळ जाते, टिलर नुसता धरून ठेवायचा. आणि कड बोटीच्या तळापेक्षा बरीच वर आहे, त्यावरून बोट पडणं शक्यच नाही. माणूस पडू शकतो, म्हणून तेवढ्या वेळात बोटीच्या कडेवर किंवा टपावर कोणीही बसायचं नाही, मुलं असतील तर आत. फोटो काढायला वाकायचं नाही. एवढं पाळलं की झालं.

तुम्हाला नकोच वाटलं तर सरळ बोटीतून उतरा आणि पायवाटेने रेलिंग धरून चालत या, बोट पलीकडे तुम्हाला घेईल. कित्येक लोक हेच करतात, त्यात कमीपणा काही नाही. किंवा आत केबिनमध्ये उजवीकडच्या खिडकीशी बसा, तिथून फक्त पायवाटेवरच्या लोकांचे पाय दिसतात. पाच-सात मिनिटांचं काम आहे. समोरून बोट येत नाही ना हे बघूनच निघायचं, कारण मध्ये दोन बोटींना जागा नाही.

कालवा फुटण्याचं म्हणाल तर तिकडेही फुटतात, उगाच नाही कशाला म्हणू. याच कालव्याचा बांध १९४५ च्या सप्टेंबरात ट्रेव्हर आणि लँगोलेनच्या मध्ये फुटला, पाण्याने खालच्या रेल्वेलाईनचा भराव वाहून नेला आणि पहाटे आलेली मालगाडी त्यात कोसळली, ड्रायव्हर गेला. त्यानंतर त्या पट्ट्यात काँक्रीटचं अस्तर वगैरे बरंच काम झालंय, आणि कुठे दुरुस्तीसाठी कालवा बंद असेल तर कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट या कालवे सांभाळणाऱ्या संस्थेच्या वेबसाईटवर नोटीस लागते, सुनेला निघायच्या आधी ती बघायला सांगा. तुम्ही कालवा फुटलेला बघितलाय म्हणून घाबरताय, हसणाऱ्यांनी बघितलेला नाही, एवढाच फरक.

प्रश्न: मी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला इंजिनियर, नाशिक. दोनशे वर्षं जुनी लोखंडी पन्हळ गळत नाही? आमच्या वेळच्या जलसेतूंची गळती काढता काढता नोकरी संपली. आणि लेखात तुम्ही सगळं श्रेय टेलफर्डला दिलंय ते कितपत बरोबर?

साहेब, असे प्रश्न आले की सदर लिहायला मजा येते. तुम्ही टोकलंत तेही योग्य.

आधी श्रेयाचं. कालव्याचा मुख्य इंजिनियर विल्यम जेसप होता, टेलफर्ड त्याच्या हाताखाली. मेंढपाळाचा मुलगा, सुरुवात दगडाच्या गवंडीकामापासून. पुढे टेलफर्ड प्रचंड मोठा झाला, आठवणीही लिहून ठेवल्या, जेसप गप्प राहणाऱ्यांपैकी, मग नाव कोणाचं राहणार ते उघड आहे. लोखंडाच्या पन्हळीची कल्पना नेमकी कोणाची यावर अजून वाद घालतात लोक. माझं मत विचाराल तर एवढ्या उंचीवर ते करायला सही देणारा जेसप होता आणि फसलं असतं तर शिव्या त्यालाच बसल्या असत्या, हे तुमच्या खात्यातल्या माणसाला मी काय सांगणार.

आता काम. तोपर्यंत जलसेतू म्हणजे दगडी कमानी आणि वर चिकणमाती मळून दाबलेलं जाड अस्तर, त्याचं वजन एवढं की खांब अवाढव्य लागायचे. १२६ फुटांवर ते जमणारं नव्हतं. म्हणून वर ओतीव लोखंडाच्या तक्त्यांची पन्हळ, तक्त्यांच्या कडा वळवून बोल्टने जोडलेल्या. वजन कमी झालं म्हणून खांब सडपातळ ठेवता आले, १८ खांब, आणि साधारण ७० फुटांच्या वर ते आतून पोकळ आहेत, मध्ये आडव्या भिंती घातलेल्या. सांधे बुजवायला वेल्सचं लोकरी फ्लॅनेल उकळलेल्या साखरेत बुडवून घातलं आणि वर शिसं ओतलं असं सांगतात. चुन्यात बैलाचं रक्त घातलं असंही सांगतात, हे आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांनी पूल ओलांडून झाल्यावर सांगावं.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र दुसरीच आहे. पन्हळ ३.६ मीटर रुंद आहे आणि पायवाट तिच्या शेजारी नाही, ती पन्हळीच्या आतच, पाण्याच्या वर टेकूंवर उचलून धरलेली आहे. म्हणजे पायवाटेखालूनही पाणी वाहतं. का? कारण बोट पन्हळीत घुसली की पाणी पुढे दाबलं जातं, त्याला बाजूने मागे यायला वाट नसेल तर बोट पुढे सरकतच नाही. नुसतं काठावर उभं राहून बघितलं तर कळत नाही, बोट जाताना पायवाटेच्या कडेवरून खाली बघा, पाणी उलट्या दिशेने सुळकन मागे जाताना दिसतं.

पायाचा पहिला दगड १७९५ मध्ये, उद्घाटन २६ नोव्हेंबर १८०५, खर्च ४७ हजार पौंडांच्या आसपास. गळतीचं विचारलंत तर मध्यावर तळाला एक बूच आहे, दोन्ही टोकांना फळ्या घालून पाणी अडवतात आणि बूच काढून पंधरा लाख लिटर पाणी खाली नदीत सोडून देतात, मग कोरड्या पन्हळीत उतरून तपासणी. बाथटबासारखं. तुमच्या जलसेतूंना असं बूच असतं तर नोकरी जरा सुखाची गेली असती की नाही.

आणि एक, तुम्हाला यात रस वाटेल. हा कालवा मुळात मर्सी, डी आणि सेव्हर्न या तीन नद्या जोडायला काढला होता, १७९३ चा कायदा आहे, रुआबॉनकडचा कोळसा आणि लोखंड न्यायचं म्हणून. पण जलसेतूच्या पुढे चेस्टरकडे जाणारा मेन लाईनचा भाग पैशांअभावी झालाच नाही. म्हणजे एवढा जगप्रसिद्ध जलसेतू बांधून कालवा पलीकडच्या टोकाला ट्रेव्हरलाच संपला! मग पाणी कुठून आणायचं? म्हणून डी नदीवर टेलफर्डने १८०८ मध्ये गोल वळणाचा १४० मीटर लांबीचा बंधारा घातला, तोच हॉर्सशू फॉल्स, आणि तिथून ट्रेव्हरपर्यंत पाणी आणायला डोंगराच्या कडेने चिंचोळा पाट काढला. आज लोक पैसे भरून ज्या लँगोलेनच्या पट्ट्यात बोटी नेतात तो मुळात हा पाणी आणायचा पाट, म्हणून तो एवढा अरुंद आणि उथळ. १९४४ मध्ये रेल्वे कंपनीने हा कालवा वाहतुकीला बंदच करून टाकला होता. बुजवला नाही तो फक्त पाण्यामुळे. टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला हर्ल्स्टनला, जलाशय आहे, तिथून चेशरला प्यायचं पाणी जातं, रोजचं पाच कोटी लिटरच्या आसपास. बोटींना प्रवाह लागतो तो याचाच. हेडला बंधारा, टेलला गावाचं पाणी, मध्ये पर्यटन. टेलचा माणूस मजबूत असला की कालवा जगतो, हे आपल्याकडे नेमकं उलटं होतं.

प्रश्न: आम्ही चार मित्र-मैत्रिणी, सगळे तिशीतले, आम्हाला लॉक हवेतच, तीच तर मजा. पण यूट्यूबवर बोट लॉकमध्ये बुडताना बघितली. नेमकं काय चुकतं?

तुम्हाला मग ग्रिंडली ब्रुक बघायला हवं, तिथे सहा लॉक एकापाठोपाठ आहेत आणि त्यातले वरचे तीन जिन्यासारखे एकमेकांना चिकटलेले, एकाचं वरचं गेट ते दुसऱ्याचं खालचं गेट. सीझनमध्ये तिथे लॉककीपर असतो, तो सांगेल तसंच करायचं, शहाणपणा नको, मधल्या लॉकचं पाणी चुकीच्या क्रमाने सोडलं तर एकतर बोट जमिनीला टेकते किंवा पाणी काठावरून वाहतं.

लॉक चढताना सोपं असतं. खालच्या गेटातून आत, गेट बंद, मग विंडलास म्हणजे ते एल आकाराचं हँडल घेऊन वरच्या झडपा हळूहळू उघडायच्या, पाणी भरतं, लेव्हल सारखी झाली की गेट आपोआप हलकं होतं, लांब लाकडी दांड्याला पाठ लावून ढकलायचं. लेव्हल सारखी होईपर्यंत कितीही जोर लावा हलत नाही.

बोट बुडते ती उतरताना. वरच्या गेटाच्या खाली दगडी उंबरा असतो, लॉक भरलेलं असताना तो पाण्याखाली दिसत नाही. पाणी उतरायला लागलं आणि बोटीची मागची बाजू त्या उंबऱ्यावर राहिली की पुढचा भाग पाण्याबरोबर खाली जातो आणि मागचा वर लटकतो, मग पुढून पाणी आत शिरतं, दोन मिनिटांत खेळ संपतो. लॉकच्या भिंतीवर पांढरी रेघ असते, बोट तिच्या पुढे ठेवायची, बस. चालवणाऱ्याने टिलर सोडून जायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत, आणि झडपांशी उभ्या असलेल्याने मोबाईल खिशात ठेवून बोटीकडेच बघायचं. कोणी ओरडलं की आधी झडप बंद, कारण नंतर विचारायचं. आणि विंडलास झडपेवर अडकवून सोडू नका, घसरून फिरला की हात मोडतो. बिअर संध्याकाळी बोट बांधून झाल्यावर.

प्रश्न: जेवणाचं आणि टॉयलेटचं काय? आम्ही ठाण्याहून येणार, सोबत सासूबाई, शाकाहारी. हे कोणीच लिहीत नाही.

कारण फोटो छान येत नाहीत त्याचे.

स्वयंपाकघर पूर्ण असतं, गॅसची शेगडी, ओव्हन, फ्रिज, भांडी. पण फ्रिज लहान, भांडी त्यांच्या हिशोबाची, कढई आणि पोळपाट-लाटणं आपलंच न्या, कुकर न्यायचा तर लहान. सगळी बोट म्हणजे एक लांब बोळ आहे त्यामुळे फोडणी दिली की मागच्या बेडपर्यंत ठसका जातो, खिडक्या आणि वरची झडप उघडून मगच मिरच्या टाका, कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म असतो त्यावर कापड टाकून ठेवू नका, तो थट्टेसाठी लावलेला नाही. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी थालीपीठ-दही, असं एका कढईत होणारं ठेवा. लँगोलेनमध्ये दुकानं आहेत, भाजी-दूध मिळतं, पण कोथिंबीर-कढीपत्ता-मिरची मँचेस्टर किंवा बर्मिंगहॅमहून भरून निघा.

पाणी टाकीत असतं, काठावर ठरावीक ठिकाणी नळ असतात तिथे पाईप लावून भरायची, रोज भरली की चिंता नाही. पाच जणांच्या अंघोळी सलग नको. गरम पाणी इंजिन चालल्यावर होतं म्हणून सकाळी निघाल्यावर तासाभराने अंघोळ हा तिथला मुहूर्त. इंजिन रात्री ८ ते सकाळी ८ बांधलेल्या बोटीत चालवायचं नसतं, शेजाऱ्यांना त्रास होतो.

टॉयलेट दोन तऱ्हांचं. एकात खाली मोठी टाकी, ती बोट परत केल्यावर त्यांची ते रिकामी करतात. दुसऱ्यात डबा असतो, कॅसेट म्हणतात, ती भरली की आपण उचलून ठरलेल्या जागी जाऊन ओतायची. सासूबाई सोबत आहेत, तीन-चार दिवस आहेत, तर पहिल्या तऱ्हेचीच बोट मागा आणि बुकिंगच्या मेलमध्ये लिहून घ्या. टिश्यू-वाइप्स आत टाकायचे नाहीत. जेट स्प्रे नसतो, मग आपलं डालडाच्या डब्याचं शास्त्र आहेच.

अजून एक, साडी, ओढणी, लांब स्कार्फ मागच्या डेकवर सांभाळून. आणि पंख्यात (पाण्याखाली फिरून बोट ढकलणाऱ्या) काही अडकून बोट हळू झाली तर इंजिन बंद, चावी काढून खिशात, मगच मागचं झाकण उघडून हात घालायचा. चावी काढल्याशिवाय नाही. कोणी पाण्यात पडलं तर लगेच न्यूट्रल, रिव्हर्स अजिबात नाही, पंखा मागेच असतो. पाणी बहुतेक ठिकाणी कमरे-छातीएवढंच आहे, मोठा माणूस उभा राहू शकतो, पण थंडगार. मुलांना लाईफ जॅकेट सक्तीने, त्यांनी कितीही तोंड वाकडं केलं तरी.

प्रश्न: लँगोलेन की फ्रान्सचा कनाल द्यू मिदी? बजेट एकदाच आहे.

पुण्याहून येऊन इंग्लंडात कोणाकडे उतरणार असाल तर लँगोलेन. यूकेच्या व्हिसावर फ्रान्सला जाता येत नाही, शेंगेन वेगळा काढा, दोन फिया, दोन अपॉइंटमेंट.

नुसतं कालव्याकालव्यांची तुलना करायची तर मिदी कितीतरी जुना आणि मोठा. २४० किलोमीटर, १६६६ ते १६८१ मध्ये झाला, पियेर-पॉल रिके नावाच्या माणसाने स्वतःचा पैसा ओतला आणि उद्घाटनाच्या काही महिने आधी वारला. बोटी तिथे रुंद, हॉटेलसारख्या, डेकवर छत्री लावून बसता येतं, ऊन भरपूर, लॉक अंड्याच्या आकाराचे, बऱ्याच ठिकाणी चालवायला माणूस असतो, पण दुपारी जेवायला तासभर लॉक बंद, मग तुम्हीही थांबा. वयस्कर लोक असतील तर आर्जांसपासून बेझिएकडे जवळपास ५४ किलोमीटर एकही लॉक नाही तो तुकडा घ्या. फोटोतली ती दोन्ही काठांवरची प्लेन नावाच्या झाडांची कमान बघून जाणार असाल तर आधी सांगते, २००६ पासून त्या ४२ हजार झाडांना बुरशीचा रोग लागलाय, हजारो तोडली, नवीन लावलीत ती अजून लहान आहेत, काही पट्टे उघडेबोडके आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे सावली नसेल तर आपल्या नागपूरकरांनासुद्धा नकोसं होईल.

मे-जून किंवा सप्टेंबर, दोन्हीकडे. इंग्लंडात शाळेच्या सुट्ट्यांत भाडं चढतं आणि जलसेतूच्या तोंडाशी बोटींची लाईन लागते, ऑगस्टचा तिसरा आठवडा तर नकोच.

प्रश्न: लंडनला ऑफिसच्या कामाला येतोय, एकच दिवस मोकळा आहे, एकटाच. काही जमेल?

जमेल, पण पहाटेची ट्रेन. चर्क स्टेशनवर उतरा, कालवा स्टेशनच्या शेजारूनच जातो. आधी उजवी-डावी न करता दक्षिणेकडे बोगद्यातून चालत जा, ४२१ मीटरचा आहे, आत पायवाट आहे, टॉर्च हवा. बाहेर आलात की लगेच चर्कचा जलसेतू, १८०१ चा, ७० फूट उंच, आणि त्याला खेटून त्याच्याहून उंच रेल्वेचा पूल, खाली इंग्लंड-वेल्सची हद्द. बघून परत फिरा आणि काठाकाठाने उत्तरेला पॉन्टकसल्टे, दीड-दोन तास चालणं, रस्ता सपाट. जलसेतूवर चालायला तिकीट नाही. ट्रेव्हरहून पाऊण तासाची बोट मिळते ती जलसेतूवरून नेऊन आणते. वेळ उरला तर लँगोलेनपर्यंत चाला नाहीतर बस घ्या, आणि परतीची ट्रेन रुआबॉनहून. संध्याकाळच्या गाड्या कमी असतात, त्या निघायच्या आधीच बघून ठेवा आणि रेनकोट घ्या, छत्री त्या पुलावर वाऱ्याने उलटी होते.